एक लाख दहा हजारांचा फरक

मंगळवार, ४ मार्च
सकाळी ६ वाजून ४० मिनिटं

ती. मामांना सा. न.

आत्ता मी शेडच्या दारात उपड्या बादलीवर बसलो आहे. समोर दोन नंबरचं यंत्र जॅकवर चढवलेलं आहे आणि त्याच्या इंजिनातलं काळं तेल खालच्या ट्रेमध्ये ठिबकतं आहे. तेल बोटांवर घेऊन पाहिलं, धातूचा चुरा लागतो. हे इंजिन आणखी एक हंगाम ओढेल असं तुम्ही जाताना म्हणाला होतात. काल हॉस्पिटलच्या मागच्या मैदानावर आपला पैलवान गवत कापत असताना ते एकदा खोकलं आणि जागच्या जागी बसलं. मेकॅनिकने पाहून सांगितलं, दुरुस्तीपेक्षा भंगारात द्या.

मनगटाच्या ऑपरेशनसाठी तुम्ही ताईकडे गेलात तेव्हा सहीचा अधिकार मला दिलात. आजवर मी पेट्रोलच्या आणि पात्यांच्या बिलांवर सह्या केल्या. आता यंत्रावर करायची आहे आणि मला घाम फुटला आहे.

तीन यंत्रांवर आपण हॉस्पिटल, क्रीडासंकुल आणि दोन ऑफिसांची हिरवळ सांभाळतो. दोन यंत्रांवर ते फार दिवस निभणार नाही. हॉस्पिटलचा करार पुन्हा वाचला. एक आठवडा कापणी चुकली तर त्या महिन्याचं बिल अर्धं, दोन चुकले तर करार रद्द. हॉस्पिटल हातचं गेलं तर पैलवानाने आणि मी शेडला कुलूप लावून घरी बसायचं.

विक्रेत्याकडे (पैलवान त्याला चकाचक म्हणतो, कारण त्याचे बूट गवतातून चालूनही चमकतात) एकाच मापाची दोन यंत्रं आहेत. पाती, चाकं, बैठक सगळं सारखं. फरक फक्त इंजिनात. एकाला आपल्यासारखंच कार्बोरेटर, किंमत सहा लाख वीस हजार. दुसऱ्याला इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन (हे शब्द पत्रकात बघून उतरवले आहेत), म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला चोक नाही. किल्ली फिरवली की सुरू. किंमत सात लाख तीस हजार. फरक एक लाख दहा हजार. चकाचक म्हणतो, पेट्रोल पाव हिस्सा कमी लागतं. हा भाव १५ एप्रिलपर्यंतच आहे.

पहिली रक्कम भरली की हंगाम संपेपर्यंत आपले हात बांधलेले. म्हणून चुकायला जागा नाही. कोणतं घेऊ? फोनच करणार होतो, पण मागच्या वेळी तुम्हाला अर्धं ऐकू आलं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने जुळवलंत.

हात कसा आहे?

आपला,
भाचा


रविवार, ९ मार्च

चि. कारकुनास आशीर्वाद.

लिहितेय तुझी ताई, बोलतोय मी. टाके आहेत तोवर पेन धरायचं नाही असं डॉक्टर म्हणाला. (हे खरं आहे. – ताई)

दोन नंबर गेलं, जाऊ दे. नऊ वर्षं राबलं बिचारं. तू त्याच्या तेलात बोट बुडवून बसलायस आणि तिकडे गवत वाढतंय. नववीत शाळा सुटली तुझी, पण कारकुनी काही सुटली नाही. घाम पूस आणि ऐक.

कार्बोरेटर म्हणजे आहे काय? एक वाटी, तिच्यात तरंगणारा गोळा, आणि बारीक भोकाचा एक पितळी जेट. यंत्र उभं राहिलं की पेट्रोलचा चिकटा धरतो आणि भोक बुजतं. मी उघडतो, तार फिरवतो, फुंकर मारतो, बसवतो. पंचवीस मिनिटं. त्याला लागतं काय, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक मामा. चकाचकचा तो डबा रुसला तर त्याची समजूत कोण काढणार, तू? कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईल, पण त्याला सवड होईल तेव्हा. तोवर हॉस्पिटलच्या मॅनेजरला काय सांगशील, गवताला म्हणावं जरा थांब?

आणि पाव हिस्सा पेट्रोल वाचतं म्हणे. बोलायला त्याचं काय जातं! ते यंत्र आठवडाभर वापरायला माग. मागणाऱ्याला देतात. मग मोज. मोजायला तुला आवडतंच.

मी पाच एप्रिलला येतोय. हात झकास आहे. (यावर मी काही लिहीत नाही. – ताई)

तुझा,
मामा


शुक्रवार, २१ मार्च

ती. मामांना सा. न.

यंत्र मिळालं आणि मोजून झालं. मला वाटतं उत्तर सापडलं आहे.

चकाचकने इंजेक्शनचं यंत्र पाच दिवस दिलं. ते आम्ही हॉस्पिटलवर चालवलं आणि आपलं एक नंबर क्रीडासंकुलावर. क्रीडासंकुलात सामने होते म्हणून आधीचा आठवडा तिथे कापता आलं नव्हतं, तेही काम उरकलं. रोज टाकी काठोकाठ भरून सुरुवात केली आणि काम संपल्यावर पुन्हा मापाने काठोकाठ भरली. एक नंबरला तासाला ४.२ लिटर लागलं, नव्याला ३. पाव हिस्स्याहून जास्तच वाचलं!

एक यंत्र वर्षाला साधारण सहाशे तास चालतं. म्हणजे ७२० लिटर वाचलं. लिटरला शंभर धरले तर बहात्तर हजार. वरचे एक लाख दहा हजार दीड वर्षात वसूल.

पैलवान तर उतरायलाच तयार नव्हता. चोक आत ढकलायला तो विसरतो, मग काळा धूर निघतो, मग तुम्ही शेडमधून ओरडता. या यंत्राला चोकच नाही. मी त्याला म्हटलं, "आता तुला ओरडा बसायचा नाही." तर म्हणाला, "मग सकाळ झाली हे कळणार कसं?"

चकाचकला आकडे दाखवले तेव्हा त्याने माझा कागद मागून घेतला आणि मोबाईलवर फोटो काढला. म्हणाला, "साहेब, एवढं नीट आमच्या कंपनीतही कोणी मोजत नाही." मला आजवर कोणी साहेब म्हटलेलं नाही.

तुमचा होकार आला की सही करतो. पाच तारखेला तुम्ही कोणत्या गाडीने येणार ते कळवा. तुमचं स्टूल पुसून ठेवलं आहे.

आपला,
भाचा


बुधवार, २६ मार्च

चि. साहेबांस आशीर्वाद.

सही केली नाहीस ना? करू नकोस.

तूच लिहिलंस की क्रीडासंकुलाचं एक आठवड्याचं गवत राहिलं होतं. म्हणजे एक नंबरच्या पुढ्यात दोन आठवड्यांचं दाट गवत, आणि नव्या नवरीला हॉस्पिटलचं नुकतं भादरलेलं मैदान. मग दमणार कोण? मला जिना चढायला लावलास आणि पैलवानाला लिफ्टमध्ये बसवलंस तर माझाच श्वास जास्त लागेल. (बाबा लिफ्टनेच जातात. – ताई)

दुसरं. एक नंबर सात वर्षांचं आहे. त्याचं इंजिन झिजलंय, ते पिणारच. तू घेणार आहेस दोन नव्यांतलं एक, मग जुन्याशी तुलना कशाला? चकाचककडून दोन्ही नवी यंत्रं माग. एकच मैदान, एकच दिवस. एक पट्टा याने, शेजारचा त्याने. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांची अदलाबदल. पैलवान एका यंत्रावर बसला तर दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्यावर बसव, कारण तो बसला की यंत्रावर दीड माणसाचं वजन पडतं.

तुझा राग नाही आला. साहेब म्हटल्यावर माझाही कागद मी देऊन टाकला असता. पण आपली मोजणी त्याच्या फोटोसाठी नव्हती, आपल्यासाठी होती, एवढं ध्यानात ठेव.

गाडीचं मग कळवतो.

तुझा,
मामा


बुधवार, २ एप्रिल

ती. मामांना सा. न.

तुमचं पत्र वाचून कान लाल झाले. गवताची उंची मी दोन्हीकडे पट्टीने मोजून लिहिलीसुद्धा होती, पण तिचा विचार केला नव्हता.

पुन्हा मोजलं. चकाचकने दोन्ही यंत्रं तीन दिवस दिली, जरा कुरकुरून. क्रीडासंकुलाच्या एकाच मैदानावर पट्ट्याला पट्टा लावून कापलं, रोज अदलाबदल केली, आणि मी आणि पैलवान आळीपाळीने बसलो. कार्बोरेटरला तासाला ३.९ लिटर, इंजेक्शनला ३.४. फरक अर्ध्या लिटरचा. वर्षाला ३०० लिटर, म्हणजे तीस हजार. एक लाख दहा हजार वसूल व्हायला तीन वर्षं आणि आठ महिने. तोवर त्या यंत्राचं काय होईल कोण जाणे.

म्हणजे तुमचंच खरं. चकाचकला हे सांगितलं तर म्हणाला, "पण साहेब, देखभाल धरा की! कार्बोरेटर वर्षातून किती वेळा उघडावं लागतं तुम्हाला?" मी म्हटलं, गेल्या हंगामात तीन यंत्रांचं मिळून चौदा वेळा उघडलं आणि त्याचा खर्च शून्य. त्याने विचारलं, "शून्य कसा?" मी सांगितलं, आमचे मामा करतात. घरचं काम, त्याचे पैसे आम्ही कधी धरले नाहीत. तुम्हीच मला तसं मांडायला शिकवलं आहे.

तेव्हा कार्बोरेटरचंच घ्यायचं ठरलं. तुम्ही शनिवारी येताच आहात, तर सोमवारी दोघं मिळून जाऊ आणि सही करू. तीन नंबरही हल्ली अडखळतं आहे, तुमची वाट बघत उभं आहे.

आपला,
भाचा


सोमवार, ७ एप्रिल

ती. मामांना सा. न.

शनिवारी मी बस स्टँडवर होतो. दुपारची गाडी आली, संध्याकाळची आली. तुम्ही नव्हता. घरी येऊन फोन केला तर ताई म्हणाली, बाबा आंघोळ करत आहेत. तासाभराने केला तेव्हाही आंघोळच चालू होती. काल केला तेव्हाही. एवढं कोणी धूत नाही.

मग तुमची पत्रं पुन्हा काढली. टाके दहा-बारा दिवसांत निघतात असं मेकॅनिक सांगतो, त्याच्या बायकोचे निघाले होते. पण २६ मार्चचं अक्षरही ताईचंच आहे. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

मी सही केलेली नाही. आजही दुकानापर्यंत जाऊन परत आलो. तीन नंबर पूर्ण बंद पडलं. मेकॅनिक न्यायला आला तेव्हा त्याच्यापुढे आणखी चार यंत्रं रांगेत होती. हॉस्पिटल आम्ही एका यंत्रावर कसंबसं वेळेत उरकलं, ऑफिसांचं राहिलं.

मामा, हात कसा आहे? झकास सोडून काय ते सांगा.

आपला,
भाचा


शुक्रवार, ११ एप्रिल

चि. भाच्यास आशीर्वाद.

टाके कधीच निघाले. जखम भरली, मनगट वळतं, जेवताना चमचा धरता येतो. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर आहेत. डॉक्टर म्हणतो, नस फार दिवस दबलेली होती, थोडी जान येईल, सगळी नाही. हे त्याने ऑपरेशनच्या आधी, फेब्रुवारीतच सांगितलं होतं. (फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. – ताई)

मला ते पटलं नाही. इथे खालच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या स्कूटरचं कार्बोरेटर काढून आणलं, म्हटलं बघू. ताईच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि उघडलं. जेट हातातून सुटला. मला कळलंच नाही सुटलाय ते, मी नुसतीच बोटं चिमटीत धरून बसलो होतो. ताईला तो फ्रिजखाली मिळाला. पुन्हा सुटला. सगळी सकाळ गेली, आणि शेवटी स्क्रू बसवले ते ताईने. (स्कूटर चालते. – ताई)

त्या डब्याविरुद्ध मी जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं. कंपनीचा माणूस सवडीनेच येतो. पट्ट्यांची मोजणीही मी सांगितली तीच बरोबर. पण तुला अडवत होतो ते वेगळ्या कारणासाठी. शेडमध्ये कार्बोरेटरच नसेल तर मी येऊन करू काय? स्टुलावर बसून चहा पिऊ? तिथे तू आहेस, पैलवान आहे, सही तुझी आहे. माझ्या वाटणीला तेवढंच एक काम उरलं होतं, आणि बोटं गेली तरी ते सोडवेना.

तू माझ्या कामापुढे शून्य मांडलंस ते माझ्याच शिकवणीने. आता तिथे बाहेरच्या माणसाचा भाव घाल आणि पुन्हा हिशोब कर. जे उत्तर येईल त्यावर सही कर. माझ्याकडे बघून करू नकोस. पंधरा तारखेच्या आत कर.

तुझा,
मामा


गुरुवार, १७ एप्रिल

ती. मामांना सा. न.

पत्र सोमवारी मिळालं. लगेच मेकॅनिककडे गेलो आणि भाव विचारला.

"कार्बोरेटर साफ करायचे अडीच हजार. यंत्र न्यायचे-आणायचे आठशे वेगळे."

"आणि दिवस किती?"

"हंगामात? दोन तरी धर. पण तुमचे मामा असताना तुला माझं काय काम?"

मी म्हटलं, मामांचा हात दुखावला आहे. त्याने आतून खुर्ची आणून दिली आणि म्हणाला, "दरवेळी साफ करून मी कंटाळेन आणि तू पैसे देऊन. त्यापेक्षा यंत्र उभं राहणार असेल तेव्हा आधी टाकी रिकामी करत जा." हे पैसे न घेता सांगितलं.

एका यंत्राला वर्षातून पाच वेळा धरलं. पाच वेळचे साडेसोळा हजार. यंत्र दहा दिवस बाहेर, त्या दिवसांत भाड्याने दुसरं आणायचं तर रोजचे साडेतीन हजार, म्हणजे पस्तीस हजार. पेट्रोलचे तीस हजार मिळवले की वर्षाला साडेएक्याऐंशी हजार. एक लाख दहा हजार सोळा महिन्यांत वसूल. मोजणी तीच, मैदान तेच, फक्त शून्याच्या जागी आकडा आला आणि उत्तर उलटलं.

कॉम्प्युटर रुसण्याचं तुम्ही म्हणाला होतात, ते विसरलो नाही. चकाचकला म्हटलं, डबा बंद पडला तर दुसऱ्या दिवशी बदली यंत्र दारात हवं, तीन वर्षं, आणि हे लिहून द्या. तो म्हणाला, "साहेब, शब्दावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "आहे, म्हणूनच शब्दच मागतो आहे, कागदावर." त्याने दोन फोन केले आणि लिहून दिलं. 'बदली'चा 'ली' ऱ्हस्व लिहिला होता, तो मी दुरुस्त करून घेतला. मंगळवारी, शेवटच्या दिवशी, इंजेक्शनच्या यंत्रावर सही केली. ती जरा लांबली आहे.

आता तुमच्या कामाचं. एक नंबर आणि तीन नंबर अजून कार्बोरेटरवरच आहेत आणि दुसरी नवी यंत्रं घ्यायला आपल्याकडे चार-पाच वर्षं तरी पैसे नाहीत. काल एक नंबर अडखळलं तेव्हा मी स्वतः उघडलं. पैलवानाने टॉर्च धरला. तीन तास लागले. यंत्र चालतं आहे, पण एक स्क्रू उरला. तो कुठला ते दोघांनाही माहीत नाही. पैलवान म्हणतो, जास्तीचा असेल. मला तसं वाटत नाही आणि रात्रभर तोच डोक्यात होता.

मामा, माझी बोटं चांगली आहेत, पण त्यांना काही येत नाही. तुमच्या बोटांना येत होतं ते तुमच्या डोक्यात असेलच. तुम्ही स्टुलावर बसायचं आणि मी चुकलो की ओरडायचं. चहा पैलवान करेल. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला वर्षभर शिकावं लागेल असं दिसतं, आणि या कामाचा बाजारभाव आता मला माहीत आहे. यापुढे तो महिन्याच्या महिन्याला खर्चात धरीन.

आजपर्यंतचा हिशोब:

खर्च झाले
नव्या यंत्राची पहिली रक्कम – २,३०,०००
तीन नंबरची सफाई, ने-आणसह – ३,३००
गॅस्केट आणि जेटचा संच – ६५०
मामांचं बसचं तिकीट, रविवार २७ एप्रिल, सकाळची गाडी, खिडकीची जागा (रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत) – १,१५०
एकूण – २,३५,१००
दोन नंबरच्या भंगाराचे आले – ३८,०००
निव्वळ खर्च – १,९७,१००

देणं आहे
नव्या यंत्राचे बाकी, व्याजासह, २२,५०० चे चोवीस हप्ते – ५,४०,०००
मामांना, गेल्या हंगामात चौदा वेळा कार्बोरेटर साफ केल्याचे, दर वेळी २,५०० – ३५,०००
एकूण – ५,७५,०००

त्याआधीच्या वर्षांची नोंद माझ्याकडे नाही. तो आकडा तुम्ही आल्यावर सांगाल तो.